द्रव्याची 'बहुता' आणि निसर्गाची आश्रयस्थाने

चिकित्सेचे चार पाद आपणा सर्वांस विदित आहेत : भिषक्, द्रव्य, उपस्थाता आणि रोगी. चरकाचार्यांनी या प्रत्येकाचे चार गुण सांगितले आहेत. द्रव्याच्या गुणांत योग्यत्व, अनेकविध कल्पना व संपत् यांच्याही आधी त्यांनी 'बहुता' सांगितली. द्रव्य विपुल असावे, ही पहिली अपेक्षा. विद्यार्थिदशेत आम्ही हा शब्द परीक्षेपुरता पाठ केला आणि पुढे निघालो. उत्तम गुणाचे द्रव्य असेल तर ते थोडे का असेना, असेच तेव्हा वाटे. वीसएक वर्षांच्या व्यवसायानंतर या क्रमाचा अर्थ आम्हांस उमगू लागला आहे. तो का उमगला, हे प्रस्तुत लेखात मांडावयाचे आहे.

आसेगाव (जि. वाशिम) परिसर हा काळ्या जमिनीचा, तूर, सोयाबीन व कपाशीचा. नांगर न फिरलेली जमीन म्हणजे शेताचे धुरे, नाल्यांचे काठ आणि उरलीसुरली ई-क्लास जमीन. अशाच एका नाल्याच्या उत्तरेकडील उतारावर, पळस व बोरीच्या झाळीखाली, आम्हांस काही वर्षांपूर्वी पृश्निपर्णी म्हणजे पिठवण आढळली. मोजून चाळीसएक झाडे होती. दशमुळातील हे द्रव्य बाजारात मागावे तर बहुधा दुसरेच काही पदरी पडते. त्यामुळे आमच्या आनंदास पारावार राहिला नाही. कच्च्या वनौषधींचा व्यवहार करणारे एक गृहस्थ त्या सुमारास दवाखान्यात आले असता आम्ही ती जागा त्यांना मोठ्या अभिमानाने दाखविली. पुढे भाद्रपदात, शेंगा पिकण्यापूर्वीच, मजूर येऊन सर्व झाडे मुळासकट उपटून गेले. दोन पोतीही भरली नसतील. चूक त्या गृहस्थांची जितकी, तितकीच आमची. किंबहुना आमची अधिक, कारण ती जागा काय आहे हे त्यांना ठाऊक नव्हते आणि आम्हांस ठाऊक असावयास हवे होते.

ती जागा म्हणजे एक आश्रयस्थान होते. शास्त्रज्ञ ज्याला 'रिफ्यूजिया' म्हणतात, तोच हा प्रकार, केवळ आकाराने लहान.

आश्रयस्थान म्हणजे काय?

पृथ्वीचे हवामान पूर्वीही अनेकदा पालटले आहे. शेवटचे हिमयुग सुमारे 20,000 वर्षांपूर्वी ऐन भरात होते. उत्तर युरोप बर्फाखाली गेला. तेथील अनेक वृक्ष स्पेन-पोर्तुगाल, इटली व बाल्कन या दक्षिणेकडील उबदार भागांत तगून राहिले आणि बर्फ वितळल्यावर तेथूनच पुन्हा उत्तरेकडे पसरले. आपल्याकडे बर्फ आला नाही, पण पावसाळा दुर्बल झाला. दमट जंगले आक्रसली आणि जेथे पाणी व सावली टिकली अशा घळींत, दऱ्यांत व डोंगरांच्या पाऊसधारक बाजूंस जाऊन थांबली. सभोवतालचे हवामान प्रतिकूल झाले तरी जेथील स्थानिक परिस्थिती फारशी बदलत नाही आणि म्हणून जेथे एखादी जाती संकटकाळ काढू शकते, ते तिचे आश्रयस्थान होय.

अशी जागा घडण्याची कारणे साधी आहेत. खोल घळीत दुपारचे ऊन थोडाच वेळ पोहोचते. उत्तराभिमुख उतार दक्षिणाभिमुख उतारापेक्षा थंड राहतो. खडकातून झिरपणारे पाणी उन्हाळ्यातही माती ओलसर ठेवते. दाट पर्णछत्र खालील हवेचे तापमान कमी व आर्द्रता अधिक राखते. त्यामुळे अवघ्या शंभर पावलांच्या अंतरात दोन भिन्न हवामाने नांदू शकतात.

आयुर्वेदाच्या अभ्यासकास ही कल्पना परकी वाटू नये. आचार्यांनी जांगल, आनूप व साधारण असे तीन देश सांगितले आणि द्रव्याचे गुण देशानुसार बदलतात हेही सांगितले. आपला वऱ्हाड स्थूलमानाने जांगल देशाकडे झुकणारा आहे. परंतु त्याच्या पोटात जागोजाग आनूपाचे बारीक तुकडे दडलेले आहेत. नाल्याची कपार, डोहाचा काठ, जुन्या विहिरीचा परिसर यांना हे वर्णन लागू पडते. जांगलाच्या पोटातील आनूप किंवा साधारण देश, अशी आश्रयस्थानाची आयुर्वेदीय व्याख्या करता येईल.

आपल्या जवळची उदाहरणे

वाशिमकरांस सर्वांत जवळचे मोठे उदाहरण म्हणजे बुलढाणा जिल्ह्यातील लोणार. उल्कापाताने बेसाल्ट खडकात झालेले हे विवर सुमारे 1.8 किलोमीटर व्यासाचे आहे. तळाशी खारट व क्षारधर्मी सरोवर आहे, तर काठच्या उतारावर धारेसारखे गोड्या पाण्याचे झरे आहेत. वर सपाटीवर शेती आणि वस्ती. आत उतरू लागताच सागासह इतर पानझडी वृक्षांचे जंगल. तीव्र उतारामुळे नांगर आत गेला नाही, आणि झऱ्यांमुळे काही भागांत ओल टिकली. 2000 साली येथे वन्यजीव अभयारण्य झाले आणि 2020 साली लोणारला रामसर पाणथळ स्थळाचा दर्जा मिळाला. परंतु याच विवरात वेड्या बाभळीने शिरकाव केला व मूळ वनस्पतींची जागा व्यापली, हेही विसरता येत नाही. आश्रयस्थान एकदा लाभले म्हणजे कायमचे लाभले असे होत नाही.

दुसरे उदाहरण प्राणिसृष्टीतील, पण उद्बोधक आहे. रानपिंगळा हे लहानसे घुबड 1884 नंतर कोणास खात्रीलायकरीत्या मिळाले नव्हते व ते नामशेष झाले असावे असे मानले जाई. 1997 साली पामेला रासमुसेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांना ते शहाद्याजवळ सातपुड्याच्या पायथ्याच्या जंगलात दिसले. पुढे मेळघाटातही ते असल्याचे निष्पन्न झाले. तब्बल 113 वर्षे एका पक्ष्याने सातपुड्याच्या उरलेल्या पानझडी जंगलात गुपचूप काढली. एखादी जाती दिसत नाही म्हणून ती नाहीच असे समजू नये. आणि ती एका ठिकाणी दिसली म्हणून सर्वत्र आहे, असेही समजू नये.

देवराई : माणसाने राखलेले आश्रयस्थान

वरील स्थाने भूरचनेने घडविली. कोकणात व सह्याद्रीत मात्र निसर्गाच्या जोडीला श्रद्धेने हे काम केले. देवराईतील काटकीही उचलू नये, या नियमामुळे शेकडो गावांत मूळ जंगलाचे तुकडे शिल्लक राहिले. 1970 च्या दशकात डॉ. वा. द. वर्तक व डॉ. माधव गाडगीळ यांनी महाराष्ट्रातील देवरायांचा शास्त्रीय अभ्यास करून त्यांचे महत्त्व विद्वानांपुढे मांडले. भोवतालचे डोंगर उघडे पडलेले असताना गारंबीसारख्या महाकाय वेली या रायांत टिकून असल्याचे अभ्यासकांना आढळले.

सिंधुदुर्ग जिल्ह्यातील दोडामार्ग तालुक्यात हेवाळे-बांबर्डे येथील देवराई या दृष्टीने विलक्षण आहे. तेथे जायफळाच्या कुळातील वृक्षांची दलदल आहे. बारमाही पाण्यात उभे राहावयाचे म्हणून या वृक्षांची मुळे गुडघ्याप्रमाणे वाकून चिखलाबाहेर डोकावतात आणि श्वसन करतात. अशा दलदली प्रामुख्याने केरळ व कर्नाटकात. गोव्यात सत्तरी तालुक्यातील निरंकाराची राई हे त्यांचे प्रसिद्ध स्थान. प्राचीन काळी अधिक विस्तृत असलेल्या दमट जंगलाचे हे अवशेष मानले जातात. बांबर्डे येथील स्थळास महाराष्ट्र शासनाने 2021 साली जैवविविधता वारसा स्थळ म्हणून घोषित केले. त्याचे क्षेत्र तीन हेक्टरही भरत नाही. आमच्याकडील एखाद्या मध्यम शेतकऱ्याच्या वावराएवढी जागा एका संपूर्ण वनप्रकाराचा राज्यातील आधार ठरावी, याचा विचार करावा. याच कुळातील रामपत्री जायपत्रीच्या नावाने बाजारात खपते, हे औषधनिर्मात्यांस वेगळे सांगावयास नको.

अशोकाचीही कथा अशीच. खरा अशोक, म्हणजे सराका अशोका, हा सावलीचा व ओलाव्याचा वृक्ष. ओढ्याकाठची सदाहरित जंगले व कोकणातील राया हे त्याचे घर. निसर्गसंवर्धनाच्या आंतरराष्ट्रीय यादीत तो संकटग्रस्त मानला गेला आहे. अशोकारिष्टास मात्र त्याची सालच हवी, आणि अशोकारिष्ट तर देशभर खपते. मागणी व उपलब्धता यांतील अंतर कोण भरून काढतो, हे उघड आहे : रस्त्याकडेला लावला जाणारा उंच, सरळ आसुपालव. रुग्णेस गुण आला नाही की आपण कल्पास दोष देतो, क्वचित निदानास. द्रव्यच बदलले होते, ही शंका शेवटी येते.

आश्रयस्थान विळ्यापासून वाचवीत नाही

येथे या लेखाचा मुख्य मुद्दा येतो. आश्रयस्थान जातीला हवामानापासून वाचवू शकते. विळा, कुदळ व कुऱ्हाड यांच्यापासून वाचविण्याची शक्ती त्याच्यात नाही. उलट, जाती एका लहान जागी एकवटल्यामुळे ती संपविणे सोपे होते. मोठ्या क्षेत्रात विखुरलेल्या वनस्पतीतून काही उपटल्या तर उरलेल्यांचे बी ती जागा भरून काढते. आश्रयस्थानात बाहेरून बी येण्याचा मार्गच नसतो, कारण बाहेर ती वनस्पती राहिलेलीच नसते.

नरक्याचे उदाहरण घ्यावे. सह्याद्रीतील हा लहान वृक्ष शास्त्रोक्त द्रव्यांत फारसा महत्त्वाचा नव्हता. कॅम्प्टोथेसिन हे द्रव्य 1966 साली एका चिनी वृक्षातून वेगळे करण्यात आले व 1972 साली ते आपल्या नरक्यातही असल्याचे भारतीय संशोधकांनी दाखविले. पुढे त्यापासून साधलेली कर्करोगावरील औषधे 1990 च्या दशकात वापरात आली. औषध मोलाचे आहे, यात शंका नाही. परंतु त्यानंतर सह्याद्रीच्या घाटांत नरक्याची चोरटी तोड वाढली आणि हिमयुग सोसलेल्या जंगलांतील हा वृक्ष काही दशकांतच दुर्मिळ झाला.

आजचा हवामानबदल पूर्वीच्या बदलांपेक्षा वेगवान आहे, आणि वाटेत शेते, रस्ते व गावे आहेत. पूर्वी एखाद्या वनस्पतीचे बी पिढ्यानुपिढ्या सरकत वरच्या थंड उतारावर पोहोचे. आता नाल्याच्या कपारीतून निघालेले बी सोयाबीनच्या वावरात पडते व तणनाशकाने मरते. म्हणून उरलेल्या आश्रयस्थानांचे मोल पूर्वीपेक्षा अधिक आहे.

शास्त्राची आज्ञा

भेषजसंग्रहासाठी भूमी कशी असावी, याचे वर्णन चरकसंहितेच्या कल्पस्थानात व सुश्रुतसंहितेच्या भूमिप्रविभागीय अध्यायात आले आहे. स्मशान, वारूळ, खड्डे यांच्याबरोबरच चैत्य व देवस्थान येथील भूमीही दोन्ही आचार्यांनी वर्ज्य ठरविली आहे. तेथील द्रव्य घेऊ नये. आचार्यांचा हेतू द्रव्याच्या गुणसंपन्नतेचा असावा. संरक्षणाचा हेतू त्यांनी शब्दांत सांगितलेला नाही. परंतु हा नियम पाळणारा वैद्य देवराईत कुदळ नेणार नाही, एवढे निश्चित. देवराईची साल वा मुळे मागविणे हे केवळ ग्रामस्थांच्या श्रद्धेविरुद्ध नसून आपल्याच संहितांच्या विरुद्ध आहे.

संग्रहकालाचा विधीही असाच अर्थपूर्ण आहे. मुळे ग्रीष्मात वा शिशिरात, साल, कंद व क्षीर शरदात, असा काल चरकांनी सांगितला. आमच्या नाल्यावरील पिठवण भाद्रपदात उपटली गेली. काल पाळला असता तर निदान बी जमिनीवर पडले असते आणि पुढील पावसाळ्यात काही रोपे उगवली असती.

विमानस्थानातील जनपदोद्ध्वंसनीय अध्यायाचा आरंभ आठवावा. गंगातीरी वनात फिरताना भगवान आत्रेय शिष्यास सांगतात की, ऋतूंची विकृत लक्षणे दिसत आहेत. भूमी लवकरच औषधींस यथायोग्य रस-वीर्य देईनाशी होईल. तत्पूर्वी औषधींचा संग्रह करून ठेवावा. वायू, जल, देश व काल बिघडले असता वैद्याने आधी द्रव्याची चिंता करावी, हा त्यातील बोध. आज आपल्यापुढे तीच लक्षणे आहेत. परंतु त्या काळी वने अफाट होती. आज संग्रहाचा अर्थ गोण्या भरणे असा घेतला तर शेवटचे रोपही जाईल. आज संग्रह करावयाचा तो बियांचा व रोपांचा.

ऑस्ट्रेलियाने हा मार्ग कसा चोखाळला ते पाहण्यासारखे आहे. 1994 साली सिडनीच्या वायव्येस एका खोल घळीत वोलेमी पाइन हा अतिप्राचीन कुळातील वृक्ष सापडला. प्रौढ झाडे शंभरही नव्हती. सरकारने घळीचे ठिकाण गुप्त ठेवले आणि त्याच वेळी त्या वृक्षाची रोपे मोठ्या प्रमाणावर तयार करून विक्रीस आणली. ज्यास हवे त्याने रोपवाटिकेतून घ्यावे, म्हणजे घळीत जाण्याचे कारणच उरत नाही. 2019-20 च्या वणव्यात अग्निशामकांनी तेथे पाण्याची व्यवस्था करून ती राई वाचविली. आपल्याकडेही बेंगळुरूच्या फाउंडेशन फॉर रिव्हायटलायझेशन ऑफ लोकल हेल्थ ट्रॅडिशन्स या संस्थेच्या पुढाकाराने व वनखात्याच्या सहकार्याने 1993 पासून दक्षिणेतील राज्यांत व पुढे महाराष्ट्रातही औषधी वनस्पती संवर्धन क्षेत्रे राखली गेली. मूळ जागेत जाती राखणे व बाहेर लागवड वाढविणे, ही दोन्ही कामे एकत्रच करावी लागतात.

वैद्य व फार्मसीधारकांनी काय करावे?

1. कच्चे द्रव्य घेताना मूळ विचारावे. द्रव्य लागवडीचे की रानातील, कोणत्या जिल्ह्यातील, कोणत्या महिन्यात काढलेले, याची नोंद खरेदीवहीत ठेवावी. प्रश्न सर्वांनी विचारला तर पुरवठादार उत्तर शोधू लागतील.

2. द्रव्यपरीक्षा करावी. अशोक व आसुपालव यांची साल शेजारी ठेवून पाहण्याचा सराव प्रत्येक फार्मसीत असावा. बनावट द्रव्य ओळखले गेले, तरच खऱ्या द्रव्याच्या लागवडीस भाव मिळेल.

3. अभावप्रतिनिधी द्रव्यांचा संकोच बाळगू नये. अष्टवर्ग दुर्लभ झाला तेव्हा मेदा-महामेदांऐवजी शतावरी, जीवक-ऋषभकांऐवजी विदारीकंद, काकोली-क्षीरकाकोलींऐवजी अश्वगंधा व ऋद्धि-वृद्धींऐवजी वाराहीकंद घ्यावा, असे भावमिश्रांनी सांगून ठेवले. पूर्वाचार्यांनी दुर्लभतेस शास्त्रशुद्ध उत्तर दिले, तसे ते आजच्या दुर्लभ द्रव्यांसाठी आपल्या संघटनांनी विचारपूर्वक द्यावे. चोरून केलेली भेसळ व जाहीर केलेला प्रतिनिधी यांत महदंतर आहे.

4. आश्रयस्थानातून केवळ बी घ्यावे, तेही थोडे. मूळ, कंद व साल तेथून घेऊ नये.

5. जागेची माहिती जपावी. जैवविविधता कायदा, 2002 अन्वये ग्रामपंचायत स्तरावर जैवविविधता व्यवस्थापन समिती व लोकजैवविविधता नोंदवहीची तरतूद आहे. वैद्याने आपल्या गावच्या समितीस सहकार्य करावे आणि दुर्मिळ वनस्पतींचे नेमके ठिकाण व्यापारी वर्तुळात बोलू नये. 2023 च्या दुरुस्तीने लागवडीच्या औषधी वनस्पतींस व नोंदणीकृत आयुष वैद्यांस सवलती दिल्या आहेत. त्यांचा उपयोग लागवड वाढविण्याकडे व्हावा.

6. शेतकऱ्यांशी बोलावे. धुऱ्यावर शिवण, टेटू, बेल यांची चार झाडे लावण्यास फारसा खर्च नाही. दशमुळातील वृक्षांची साल व मुळे उद्या कोठून येणार, याचे उत्तर याच धुऱ्यांवर आहे.

उपसंहार

आमच्या नाल्यावर पुढील वर्षी आम्ही पुन्हा गेलो. बोरीच्या काटेरी जाळीत, मजुरांचा हात पोहोचला नव्हता अशा ठिकाणी, पिठवणीची तीन झाडे उरली होती. कार्तिकात शेंगा पूर्ण वाळल्यावर आम्ही त्यांतील निम्म्या घेतल्या, निम्म्या तेथेच झाडून दिल्या. दवाखान्यामागील वाफ्यात पहिल्या वर्षी अकरा रोपे आली. आज वाफा भरलेला आहे आणि गावातील दोन शेतकऱ्यांनी धुऱ्यावर काही रोपे लावली आहेत. नाल्यावर मात्र अद्याप सातच झाडे आहेत. चाळीसचा आकडा आमच्या हयातीत परत येईल की नाही, हे सांगवत नाही.

जे द्रव्य केवळ आश्रयस्थानात उरले आहे, त्याची 'बहुता' गेलेली आहे. आणि बहुता गेलेले द्रव्य चिकित्सेच्या पादात पूर्णांशाने उभे राहू शकत नाही. ती बहुता रानातून आणखी खणून येणार नाही, ती पेरूनच येईल. वैद्यबंधू-भगिनींनी येत्या पावसाळ्यापूर्वी आपल्या गावच्या शिवारातील अशी एक तरी जागा शोधून ठेवावी, तेथील वनस्पतींची नोंद करावी, आणि ती जागा कोणास दाखविण्यापूर्वी दोनदा विचार करावा, ही नम्र विनंती.